देवबागच्या मेमरी कार्डाची साक्ष

देवबागला मी चार दिवस राहिले आणि समुद्रात एकदाही पाय बुडवला नाही. ओळखीच्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात. मग गेलीस कशाला, असं विचारतात. एका मोबाईलची कॉपी काढायला, असं खरं उत्तर दिलं की सहानुभूती आणखी वाढते. म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे.

मी मूळची सोलापूरची. पुण्यात आमची तिघांची छोटी लॅब आहे. फोन, कॉम्प्युटर, कॅमेरे यांतली माहिती कोर्टात टिकेल अशा रीतीने बाहेर काढणं हे आमचं काम. एरवी नवरा-बायकोंची भांडणं आणि सोसायट्यांचे सीसीटीव्ही एवढ्यावर आमचं भागतं. या वेळी काम आलं ते थेट युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय न्यायालयात चाललेल्या खटल्याचं.

खटला असा. एका मालवाहू जहाजाने दूरच्या समुद्रात, उजाडता उजाडता, मासेमारीच्या लहान होडीला धडक दिली. होडीतले तिघेही गेले. ज्या देशाचे ते कोळी, त्या देशाने जहाज अडकवून ठेवलं. जहाजावर ज्या देशाचा झेंडा होता तो देश न्यायालयात गेला. त्या देशाने हे जहाज कधी डोळ्यांनी पाहिलं असेल असं मला वाटत नाही, पण झेंड्याचा मान मोठा असतो. त्यांचं म्हणणं, धडक झाल्याचं कुणाला कळलंच नाही. कप्तानाने शपथेवर सांगितलं की पाण्यात कुणीही दिसलं नाही.

मग एक व्हिडिओ लोकांच्या फोनांवर फिरू लागला. पालथ्या होडीच्या बुडावर दोन माणसं हात हलवताहेत आणि जहाज त्यांच्यापासून लांब जातंय. इतक्या जणांनी तो पुढे ढकलला होता की माणसांचे ठिपके उरले होते. झेंडेवाल्यांचे वकील म्हणाले, हे कॉम्प्युटरने तयार केलेलं चित्र आहे. पूर्वी खोटं बोलायला माणसाला स्वतः काहीतरी रचावं लागायचं. आता समोरच्याचं खरं हेच रचलेलं आहे म्हटलं की काम होतं. सोय झाली आहे.

व्हिडिओ काढणारा त्या जहाजावरचा एक खलाशी होता. नाव अंतोन, गाव देवबाग. त्याच्या घरी जाऊन मूळ व्हिडिओ ताब्यात घ्यायचा आणि तो मूळच आहे हे सिद्ध करायचं, हे माझं काम. सोबत न्यायालयाची चाळीस पानी नियमावली होती. पुरावा ‘तापमान नियंत्रित, धूळविरहित आणि मर्यादित प्रवेशाच्या जागेत’ ठेवलेला असावा, असं तिच्या तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं. लिहिणाऱ्याने देवबाग पाहिलेलं नव्हतं हे उघड आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी. तिथे मर्यादित प्रवेश भरतीलाही मान्य नाही.

इन्सुली

पुण्याहून विमानाने गोव्याला उतरले आणि टॅक्सीने सिंधुदुर्गाच्या वाटेला लागले. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. गोव्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीत दारू असते असं धरूनच तिथलं काम चालतं, आणि अनुभव त्यांच्या बाजूने आहे.

माझ्याकडे उपकरणांची पेटी होती. तिला लॅबचं लाल सील. नियमावलीनुसार हे सील साक्षीदारासमोर, पुराव्याच्या जागीच फोडायचं.

“पेटीत काय आहे?” हवालदारांनी शुद्ध मराठीत विचारलं.

“आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या कामाची यंत्रं आहेत,” मी म्हटलं. हे वाक्य मी विमानात मनाशी घोळवून ठेवलं होतं.

त्यांनी पेटी हलवून पाहिली. आत काहीतरी वाजलं. ते सोबतच्या शिपायाला म्हणाले, “आंतरराष्ट्रीयच आसा. स्कॉच आसतली.”

सील फुटलं. आत वायरी, एक छोटा कॉम्प्युटर आणि फोनला सिग्नल पोचू न देणाऱ्या चंदेरी पिशव्या निघाल्या. हवालदार जरा ओशाळले. मी नोंदवही काढली. कुठली वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली याची ही वही, आमच्या धंद्यात ती जिवापाड जपतात. सील का फुटलं हे त्यांना लिहून द्यायला सांगितलं. त्यांनी नाव, हुद्दा, वेळ, कारण, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. पुढे न्यायालयाने त्या वहीतल्या माझ्या तीन नोंदींवर खुलासा मागितला. हवालदारांच्या नोंदीवर एकही नाही.

देवबाग

अंतोनचं घर खाडीच्या बाजूला. पुढे ओटा, ओट्यासमोर क्रूस, क्रूसाच्या पायथ्याशी वाळत घातलेली जाळी. घरात तिघं. अंतोन, त्याची बायको रोझलिन आणि त्याचे वडील पास्कूबाब. पास्कूबाबांनी आयुष्यभर मासेमारी केली. आता गुडघ्यांनी त्यांना निवृत्त केलं आहे.

अंतोन चाळिशीचा, थोराड अंगाचा आणि अत्यंत कमी बोलणारा. बोलायचं काम रोझलिनकडे. पण त्या दुपारी तीही गप्प होती. तिने मला सरळ पानावर बसवलं. तिरफळ घातलेला बांगडा, भात, सोलकढी. सोलापुरात आम्ही मासा खातो तो चित्रात. पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या घशात काटा अडकला. मी खोकून लाल झाले. पास्कूबाबांनी शांतपणे भाताचा मोठा गोळा करून माझ्या हातात ठेवला.

“चाव नको. गीळ,” ते म्हणाले.

मी गिळला. काटा गेला. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ म्हणून माझं त्या घरातलं स्थानही त्याच्याबरोबर गेलं.

जेवण झाल्यावर अंतोनने आपली हकिगत सांगितली. धडकेनंतर कप्तानाने सगळ्यांना बोलावून फोन तपासले होते. ज्याने काही काढलं असेल त्याने पुसून टाकावं, अशी ताकीद. अंतोनने त्याआधीच फोनमधलं मेमरी कार्ड, म्हणजे नखाएवढी ती चिप, काढून साबणाच्या डबीत लपवलं होतं. घरी आल्यावर त्याने व्हिडिओ एका मित्राला पाठवला. मित्राने तो फक्त एकालाच पाठवला. त्या एकानेही फक्त एकालाच. हा जुना फोन कार्डासकट आता पास्कूबाब वापरत होते.

“फोन खंय आसा?” अंतोनने वडिलांना विचारलं.

पास्कूबाबांनी फोन सदऱ्याच्या खिशातून काढला. तपकिरीच्या डबीशेजारी तो राहत होता. धूळविरहित जागेचा प्रश्न असा मिटला.

मी पंख्याखाली टेबल मांडलं, नोंदवही उघडली, हातमोजे घातले. रोझलिन दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. मी फोनला हात लावणार एवढ्यात ती म्हणाली, “मॅडम, थंय काय नाय.”

“म्हणजे?”

“व्हिडिओ. मीया पुसून टाकलंय.”

अंतोन तिच्याकडे बघतच राहिला. त्याला ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाचा फोन आला होता. अंतोन घरात नव्हता. एजंट अगदी गोड बोलला. वहिनी, अंतोन कोर्टाच्या भानगडीत पडतोय असं ऐकतो, कंपन्या आपसात बोलतात हो, पुन्हा कुठलं जहाज मिळायचं नाही, तुम्ही समजावा. रोझलिनने अंतोनला समजावलं नाही. सासऱ्याचा फोन घेतला आणि व्हिडिओ पुसला.

“तीन म्हयने माका झोप नाय,” ती म्हणाली. “आता निदान कायच नाय म्हणान सांगूक येयत, असा वाटला.”

अंतोन उठून खाडीकडे निघून गेला. समोरच्या पाण्यात पर्यटकांच्या वेगवान बोटी घरघरत फेऱ्या मारत होत्या आणि लाइफ जॅकेट घातलेली माणसं आनंदाने किंचाळत होती. नियमावलीत या प्रसंगासाठी पान नव्हतं.

मी रोझलिनला सांगितलं की कार्डावरून पुसलेली गोष्ट लगेच नाहीशी होत नाही. ती जागा फक्त रिकामी म्हणून नोंदली जाते. तिथे दुसरं काही लिहिलं गेलं की मगच जुनं मिटतं.

“आठ दिवसांत या फोनवर कुणी काही रेकॉर्ड केलं का?” मी विचारलं.

पास्कूबाब खाली मान घालून म्हणाले, “लदीन.”

लदीन म्हणजे घराघरांतल्या क्रूसासमोर म्हणतात ती प्रार्थना. शेजारच्या घरची लदीन त्यांनी अख्खी रेकॉर्ड केली होती. गाणाऱ्यांत ते स्वतः होते, म्हणून दोनदा.

ओट्यावर

कार्डाची जशीच्या तशी प्रत काढायला आणि मग त्या प्रतीत पुसलेलं शोधायला वेळ लागतो. कॉम्प्युटर आपलं काम करत राहतो, माणसाने फक्त बसायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घावणे आणि नारळाचा रस खाऊन ओट्यावर बसले. अंतोन परत आला होता. बायकोशी बोलत नव्हता, पण तिने पुढे केलेला चहा त्याने घेतला. आमच्याकडे अशा भांडणात चहाची कपबशी फुटते. इथे सगळं भरती-ओहोटीच्या चालीने चालतं.

पास्कूबाब माझ्याशेजारी येऊन टेकले.

“बाय, तुका एक सांगतंय,” ते म्हणाले.

तरुणपणी एकदा त्यांची होडी उलटली होती. सोबतचा भाऊ बुडाला. ते पालथ्या होडीला धरून दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत होते. सकाळी एक मोठं जहाज जवळून गेलं. इतक्या जवळून, की कठड्याशी उभा माणूस त्यांना स्पष्ट दिसला.

“मीया हात केलंय. बोंब मारलंय. तो बगीत ऱ्हवलो. तेच्या हातात कप होतो. तो प्यालो आणि बगीत ऱ्हवलो. जहाज गेला.” त्यांनी तपकिरीची चिमूट घेतली. “मागीर गावातल्या होडयेन माका काढल्यान. पन मी त्या मानसाचो इचार करतंय अजून. तेना कोणाक तरी सांगल्यान आसतला काय? रातीक घरी जेवताना तरी?”

अंतोन दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. ही गोष्ट त्याने लहानपणापासून ऐकलेली असणार. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तो माणूस आता मीच झालंय, मॅडम. कठड्याकडे उबो होतंय. मुकादमाक सांगलंय, माणसां आसत पाण्यात. तेना म्हटल्यान, तू आपला काम कर. मगे मी फोन काढलंय. दुसरा काय करूक येय होता?”

रोझलिन आतून हे ऐकत होती. तिच्या हातातलं काम थांबलेलं मला दिसलं.

दुपारी कॉम्प्युटरने यादी दिली. दोन्ही लदिनी, पास्कूबाबांच्या अंगठ्याचे असंख्य फोटो, आणि त्यांच्याच शेजारच्या जागेत, एका भिंतीच्या अंतरावर, बावन्न सेकंदांची एक फाईल. अख्खी. मी ती लावली. करडं पाणी, जहाजाच्या मागे फेस, पालथी होडी. दोन माणसं. त्यांतल्या एकाने अंगातला शर्ट काढून हलवायला घेतला होता. फिरत्या व्हिडिओत हा शर्ट दिसत नव्हता.

पास्कूबाबांनी क्रूसाची खूण केली. रोझलिनने व्हिडिओ आधी दोनदा पाहिला होता, पण या वेळी तिने शेवटपर्यंत नजर हटवली नाही.

मला हे काम देणाऱ्या युरोपातल्या वकीलबाईंना मी फोन लावला. त्या मेलेल्या कोळ्यांच्या देशाच्या बाजूने लढत होत्या. फाईल सापडल्याचं ऐकून खूश झाल्या. पुसली होती हे ऐकून तितक्याच चिडल्या. मग म्हणाल्या, निवेदनात ‘पुसली’ असं नको. ‘वापरकर्त्याकडून नकळत झालेली हालचाल’ असं लिहू. भाषा सौम्य असली की प्रश्न कमी येतात.

मी ते मराठीत करून रोझलिनला सांगितलं. तिने नकारार्थी मान हलवली.

“नकळत नाय,” ती म्हणाली. “मीया कळून केलंय. तसाच लिवा.”

मी तिला म्हटलं की मग ते तुला बोलावतील, उलटतपासणी होईल.

“बोलवांदेत,” ती म्हणाली आणि मासे साफ करायला मागीलदारी गेली. मी निवेदन तसंच लिहिलं. वकीलबाईंनी मला एक थंड निरोप पाठवला. तो मी वहीत नोंदवला नाही.

मालवण

फाईलला एक लांबलचक आकडे-अक्षरांची खूण असते. अंगठ्याच्या ठशासारखी. फाईलमध्ये कणभर बदल झाला तरी ती खूण बदलते. ही चौसष्ट अक्षरं मालवणच्या नोटरींसमोर मोठ्याने वाचून पडताळायची होती. नोटरीसाहेब वयस्क आणि काटेकोर. सत्तेचाळिसाव्या अक्षराशी त्यांना शिंक आली आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. कार्ड पाकिटात, पाकीट चंदेरी पिशवीत, पिशवीवर लाख. न्यायालयाला तापमानाचीही नोंद हवी होती. नोटरीसाहेबांनी विचार करून लिहिलं, “उकाडा.”

साक्ष चौथ्या दिवशी, व्हिडिओवरून. त्यासाठी ‘शांत, तटस्थ आणि सजावटविरहित कक्ष’ हवा होता. मालवणात चांगलं इंटरनेट असलेली मोठी खोली मिळाली ती एका हॉटेलच्या हॉलची. आदल्या दिवशी तिथे लग्न झालं होतं. भिंतीवर थर्माकोलचे बदाम आणि ‘वेलकम’. मालकांनी त्यावर निळी ताडपत्री लावली. न्यायाधीशांना ती फार आवडली असावी. पडद्यावर तिघांनीही तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

आधी अंतोनची साक्ष झाली. ओट्यावर सांगितलं तेच त्याने तिथे सांगितलं, इस्त्रीचा शर्ट घालून. मग रोझलिन बसली. झेंडेवाल्यांचे वकील अत्यंत सभ्य होते. बोलताना दर वेळी हसत. मराठीचे दुभाषी तिकडे युरोपात होते, आणि त्यांची मराठी पुस्तकातून परदेशी गेलेली होती.

“डिजिटल पुरावा हाताळण्याचं प्रशिक्षण आपण घेतलं आहे का?” वकिलांनी विचारलं.

“नाय,” रोझलिन म्हणाली.

“तरीही आपण तो हाताळला.”

“हाताळलंय नाय. पुसलंय.”

“का पुसलात?”

रोझलिनने एजंटाचा फोन सांगितला. मग म्हणाली, “माका भंय दिसला.”

म्हणजे मला भीती वाटली. दुभाष्यांनी क्षणभर कानातलं यंत्र चाचपलं आणि इंग्रजीत सांगितलं, साक्षीदाराला काहीतरी भयंकर दिसलं.

मी खुर्चीतून अर्धी उठले. साक्ष चालू असताना तज्ज्ञाने बोलायचं नाही, असा नियम होता. मधल्या न्यायाधीश बाई पुढे झुकल्या.

“काय दिसलं?” त्यांनी विचारलं.

दुभाष्यांनी तो प्रश्न रोझलिनला मराठीत विचारला. ती गोंधळली. मग तिने प्रश्न तसाच घेतला, जसा आला होता तसा.

“दोन माणसां दिसली,” ती म्हणाली. “एका माणसान शर्ट काढलो आणि हलवूक लागलो. जहाज गेला तरी तो हलयतच होतो. माजो सासरो एकदा असोच ऱ्हवलेलो पाण्यात. मी पुसूचा बटन दाबलंय तेवा माका वाटला, मी पन जातंय थंयसून.”

दुभाष्यांना या वेळी सगळं कळलं. त्यांनी हळू हळू, एकेक वाक्य करून सांगितलं. वकिलांनी कागद चाळले. फिरलेल्या व्हिडिओत शर्ट नव्हता. तो फक्त मूळ फाईलमध्ये होता, आणि ती फाईल विरोधी पक्षाला त्याच सकाळी मिळाली होती. ज्या बाईने पुरावा नाहीसा केला तिनेच तो सगळ्यात नीट पाहिला होता. वकिलांना आणखी काही विचारायचं नव्हतं.

हॉलबाहेर येताच अंतोनने रोझलिनला विचारलं, “जेवक काय हाडूया?” चार दिवसांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं. दोघं बाजाराकडे चालू लागली आणि मला कुठल्या बाजूला यायचं हे सांगायचं विसरून गेली.

पुणे

निकाल बऱ्याच महिन्यांनी आला. झेंडेवाला देश हरला, कप्तानावर खटला उभा राहिला. निकालपत्र जाडजूड. त्यात अंतोन म्हणजे ‘साक्षीदार चार’, रोझलिन म्हणजे ‘साक्षीदार पाच’, आणि मी ‘तांत्रिक साहाय्य’. एजंटाने शब्द पाळला. अंतोनला जहाज मिळालं नाही. तो आता पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवतो. डॉल्फिन दिसले नाहीत की लोक त्याच्यावर रागावतात, असं रोझलिन फोनवर सांगत होती.

मग पास्कूबाबांनी फोन घेतला. निकालात काय काय आहे ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आणि त्यांची नावां?” त्यांनी विचारलं.

“कुणाची?”

“होडयेवरच्या माणसांची.”

मी शोधली. मुख्य निकालात सगळीकडे ‘मृत व्यक्ती’ असंच होतं. नावं सापडली ती शेवटच्या जोडपत्रात, बारीक अक्षरांत. मी तिन्ही वाचली. पास्कूबाबांनी ती माझ्यामागून म्हटली, चुकली, पुन्हा म्हणायला लावली, आणि रोझलिनकडून कागदावर लिहून घेतली.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. रविवारच्या मिसेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात तिथे, ती तीन नावं वाचली गेली होती.

“पाद्री इचारी होते,” ते म्हणाले, “हे लोक आपल्या धर्माचे काय म्हणान.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलंय, धर्माचा माका म्हायत नाय. आमच्या धंद्याचे.”